दगडावरचा ओला डाग

फोटोवाल्याचं दुकान पासपोर्टच्या फोटोंवर चालायचं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटीला बोट लावून मान सरळ करायची, दात दाखवू नका म्हणायचं आणि बटण दाबायचं. माणसं निमूट वळतात. सुट्टीला तो गावामागच्या उघड्याबोडक्या टेकडीवर रानातली कासवं टिपायला जायचा. बोट लावायची खोड तिथेही सुटली नव्हती. फरक एवढाच की कासव आपल्या पायांनी दुकानात आलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात त्याला एक कासव काटेरी झुडपाखाली सापडलं. सावलीत, तोंड पलीकडे करून बसलेलं. असा कसा डोंबलाचा फोटो येणार? त्याने दोन्ही हातांनी ते उचललं आणि उन्हातल्या सपाट दगडावर ठेवलं. उचलताना कासवाने भळाभळा पाणी सोडलं, थोडं त्याच्या बुटांवर, बाकीचं दगडावर. तो हसला. कासवाने मान बाहेर काढेपर्यंत पालथा पडून राहिला. खालचा दगड ओला, काळाभोर चमकत होता, आणि त्यावर पाठीची पिवळी नक्षी अशी उठून दिसत होती की बस. काम झाल्यावर त्याने कासव परत झुडपात ठेवलं आणि त्यालाच आपला चांगुलपणा समजला.

ही जमातच ढोंगी. घरट्यासमोरची फांदी तोडतील, बिळात काडी घालतील आणि फोटोखाली निसर्गप्रेम लिहितील. वनखात्याने हाच फोटो पोस्टरसाठी निवडला. वर मजकूर काय, तर ‘लांबून पाहा, हात लावू नका’. फोटोवाल्याला लाज वाटली नाही. त्याने एक मोठी प्रत चौकटीत बसवून दुकानात टांगली.

ती बघायला ताई आली. ताई जनावरांच्या दवाखान्यात नर्स. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं आणि पहिला कॅमेराही तिनेच घेऊन दिला. भावाचं कौतुक करायला आलेली बाई फोटोसमोर वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाऊस कधी पडला होता, तिने विचारलं.

“पाऊस कसला? मुतलं ते माझ्या बुटावर,” तो म्हणाला. त्याला वाटलं, ती हसेल.

“अरे शहाण्या, तेच त्याचं पाणी,” ताई म्हणाली. “उन्हाळाभर पोटात साठवून ठेवलेलं. घाबरलं की सोडून देतं, आणि मग तहानेने मरतं.”

टेकडीवर पाण्याचा थेंब नव्हता. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? स्वतःसाठी तो दोन बाटल्या नेत असे. ताईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त चष्मा काढून पदराला पुसला.

स्टुलावर एक गिऱ्हाईक मान ताठ करून बसलं होतं. फोटोवाल्याने त्याला उद्या यायला सांगितलं आणि वनखात्याच्या साहेबाला फोन लावून म्हणाला, माझा फोटो काढून टाका. साहेबाने विचारलं, का, कासवाने तक्रार केली की काय? मी त्याला हाताने उचललं होतं, फोटोवाला म्हणाला. साहेब म्हणाला, सगळेच उचलतात हो, आणि पोस्टर तर छापायला गेलं. हे ऐकून फोटोवाल्याला क्षणभर हलकं वाटलं. खरंच वाटलं. मग त्या हलकेपणाचीच त्याला किळस आली.

त्याने माळ्यावरून फोटो धुवायचा जुना उथळ ट्रे काढला, पाण्याचा कॅन घेतला आणि भर उन्हात टेकडी चढला. ताई खाली रस्त्यावर स्कूटरपाशी थांबली.

त्या झुडपाखाली काही नव्हतं. उताराखालच्या दुसऱ्या जाळीत एक कासव होतं. त्याने मोबाईलवरचा फोटो उघडला आणि पाठीची नक्षी जुळवून पाहिली. नक्षी जुळू नये म्हणून तो वेगळी एखादी रेघ शोधत राहिला. उजवीकडच्या कडेचा टवका उडालेला होता. फोटोतही उडालेला होता. कासवाचे डोळे खोल गेले होते.

त्याने कासवाला हात लावला नाही. माती उकरून ट्रे त्याची कड जमिनीबरोबर येईल असा बसवला, पाणी ओतलं. कासवाने फुस्स करून मान आत ओढली. त्याच्या लेखी हा उचलणारा माणूस होता, दुसरा कुणी नाही.

फोटोवाला मागे सरकला. आणखी मागे. एका खडकाआड बसला. बऱ्याच वेळाने पाठीच्या कडेखाली नाक दिसलं. याने नीट दिसावं म्हणून मान लांब केली, बुटाखालचा खडा घरंगळला आणि नाक पुन्हा गायब. मग त्याला कळलं. तो तिथे असेपर्यंत कासव पाणी पिणार नव्हतं. आणि तो गेला, तर ते प्यायलं की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हतं. आजवर तो टेकडीवरून पुरावा घेतल्याशिवाय उतरला नव्हता. आताही थांबायचं होतं ते कासवासाठी नव्हे, ताईला ‘प्यायलं’ म्हणून सांगता यावं यासाठी. तो उठला आणि उतरला. मागे वळून पाहिलं तर नुसती जाळीच दिसत होती.

“प्यायलं?” ताईने विचारलं.

“माहीत नाही.”

उद्या येऊन ट्रे बघू, तिने समजूत घातली. रिकामा असला तर समजायचं.

“या उन्हात तो तसाही रिकामा होईल, ताई.”

तिने स्कूटर सुरू केली आणि तो मागे बसेपर्यंत दोन्ही पाय जमिनीवर रोवून थांबली.