हफीजाचाचीचा लॅपटॉप

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात माणूस शंभरी गाठतो, पण यंत्र दोन वर्षांत म्हातारं होतं, असं उमेर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असे, आणि त्यात दुरुस्तीवाल्याचा स्वार्थ असला तरी ते खोटं नव्हतं. चार्जिंगच्या जॅकमध्ये हिरवट गंज धरतो, पिन सैल होते, मग लोक तिच्याखाली काडेपेटी नाहीतर कागदाची घडी सरकवून दिवस ढकलतात. त्यामुळे मागच्या गल्लीतला तहा दुकानात येऊन म्हणाला की अम्मीचा लॅपटॉप पिन हाताने धरून ठेवल्याशिवाय चार्ज होत नाही, तेव्हा उमेरला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"आणून दे, तासाभरात करून देतंय."

"ती हातातून सोडत नाही. तुम्ही घरी येऊन बघा ना, उमेरभाई."

एका बाकावर बसून शाळा केलेला तहा! शिवी दिल्याशिवाय कधी हाक न मारणारा, तो भाई म्हणत होता. गेल्या आठवड्यात तो जहाजावरून न कळवता रजेवर आला, हे उमेरच्या कानावर होतं. साहेबांच्या संगतीत जीभ सुधारली असेल, असं मनाशी म्हणून त्याने नवा जॅक पिशवीत टाकला आणि दुकान ओढून घेतलं.

वाटेत तहाने सगळं सांगितलं. जहाजावरून त्याने शेवटचा व्हिडिओ कॉल केला होता, तो अम्मीने अजून बंदच केलेला नाही. तो समोर येऊन उभा राहिला तरी ती पडद्याकडेच बघत बसली. झोप नाही, धड जेवण नाही, दोन बोटांत पिन धरून बसलेली असते.

"तुम्ही बिघडला म्हणून सांगा आणि एकदा बंद करून टाका. मग ती माझ्याकडे बघेल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा कापला की उमेरला गलबलून आलं. सख्ख्या आईने ओळख देऊ नये, याहून वाईट ते काय? त्याने तिथल्या तिथे कबूल केलं.

तहाची अम्मी, हफीजाचाची, माजघरात लॅपटॉपच्या स्टुलाशी चटई टाकून बसली होती. एका आठवड्यात तिचे गाल आत गेले होते. "ये रे उमेर, बस," ती म्हणाली, आणि त्याच्या मागून आलेल्या तहाला, "तुमी पण बसा. जेवान झाकून ठेवलंय."

उमेर चपापला. पोटच्या पोराला कोणी अहो-जाहो करतं? आणि जेवणही पाहुण्यांच्या काचेच्या ताटात, वर जाळी घालून ठेवलेलं. या घरात तो स्वतः लहानपणापासून हाताने वाढून घेत आला होता. तहा भिंतीकडेने सरकत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने.

"चाची, आधी बंद करून बॅटरी सोडवावी लागते. चालू मशीन खोलत नाहीत."

"बंद करायचा नाय हां. पोरगा माझा तिकडं हाय. एकदा तुटला तर परत लागायचा नाय."

"बरं, नाय करत," उमेर म्हणाला. खोटं बोलताना त्याला वाईट वाटलं, पण औषध कडूच असतं. त्याने लॅपटॉप पाटीसारखा सपाट उलगडून उभा केला, पडदा चाचीकडे आणि पाठ आपल्याकडे. चार्जर काढला, स्क्रू एकेक करून सवयीप्रमाणे ओठांत धरले आणि पाठचं झाकण उचललं. बॅटरी फुगत आली होती. तिची जोडणी नखाने नुसती उचलली की काम झालं असतं. नंतर खाऱ्या हवेला शिव्या घातल्या की सुटलो.

नख लावलं, आणि चाची एवढं बघते तरी काय म्हणून तो जरा वाकला.

जहाजावरची लहानशी खोली होती. लोखंडी पलंग रिकामा होता. चित्र अडकून पडलं असणार, असं त्याला वाटलं, पण खुंटीवरचं नारिंगी जॅकेट सावकाश इकडून तिकडे हलत होतं. मग पलीकडचं दार उघडलं, केस पुसत तहा आत आला, पलंगावर टेकला आणि पडद्याच्या जवळ येऊन निरखू लागला.

"अम्मी, कोन आलंय? उमऱ्या! मेल्या, स्क्रू अजून तोंडातच धरतोस? गिळशील एक दिवस!"

ओठांतले स्क्रू टपटप जमिनीवर पडले. चाची खुदकन हसली. "आत्ताच आलाय रे. पिन नीट करून देतोय."

उमेरने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि पडद्यातल्या तहाची तर मुळीच वाटत नव्हती. त्याने जोडणीवरचं नख काढलं, जुना जॅक उपसून नवा बसवला, खालचे स्क्रू चाचपडत गोळा केले आणि चार्जर लावला. बारीक पांढरा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. चाचीने हात मांडीवर ठेवला. बोटं तशीच वाकडी राहिली होती, ती तिने दुसऱ्या हाताने चोळून सरळ केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून डोळे मिटले.

"तुमी आता जेवून घ्या," ती दाराच्या दिशेने म्हणाली.

उमेर पिशवी उचलून निघाला. तहा पडवीपर्यंत त्याच्या मागोमाग आला.

"बंद नाही झाला?"

"जॅक बदललाय. आता धरायला नको."

"आणि बॅटरी?"

गिऱ्हाइकाला बॅटरीचं सांगितल्याशिवाय उमेर कधी उंबरा ओलांडत नसे. जीभ सवयीनेच वळली. "बॅटरी गेलेली आहे. करंट बंद झाला की दहा-पंधरा मिनिटं चालेल, फार तर," तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याने जीभ चावली.

तहाने शहाण्या मुलासारखी मान हलवली. मग पडवीच्या भिंतीवर मीटरखाली ओळीने बसवलेल्या बटणांकडे तो थोडा वेळ बघत राहिला.

"उमेरभाई," त्याने विचारलं, "यातला मेन स्विच कुठला?"