शुक्रवारचा केक

काचेपलीकडे फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि ट्यूराच्या टेबलावरून करड्या धुराची रेघ वर गेली.

“झालं! शुक्रवारी केक!” कुणीतरी ओरडलं.

डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गच्या त्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा रिवाजच होता तो. ज्याच्या चुकीने काही जळेल, त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक खिलवायचा. प्राध्यापकांचीही सुटका नसे. एरवी सगळं हसण्यावारी जाई. पण ट्यूराची पदवीची तोंडी परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती, आणि जळलं होतं ते कंपनीने दिलेलं नवंकोरं मॉड्यूल. पवनचक्कीची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं काळीजच ते.

“पोरीने करंट जास्त सोडला, दुसरं काय!” कंपनीचा साहेब पॅले म्हणाला. “अहवालात तसं लिहून टाक, बोदिल.”

बोदिल त्याच कंपनीची. दर मंगळवारी इथे शिकवायला येई, आणि आठवड्यातला तेवढाच दिवस तिला आपला वाटे.

“लिहीन की. आधी उघडून तर बघू दे.”

सूक्ष्मदर्शकाखाली तिला दिसलं, की चिपवरच्या केसाएवढ्या तारा जळण्याआधीच सुटल्या होत्या. जोडच कच्चे. ट्यूराचा करंट अगदी बेताचा होता. आणि या मॉड्यूलची सगळी खेप तपासून पास केली होती बोदिलनेच, नाताळच्या सुट्टीच्या घाईत.

ट्यूरा दारात उभी होती. डोळे लाल. “आईकडून केकचा साचा आणलाय मी.”

“परत देऊन ये. तुला अंडं तरी फोडता येतं का गं?”

शुक्रवारी केक आला तो बोदिलच्या हातून. खाली लुसलुशीत, वर नारळ आणि तपकिरी साखरेचा खरपूस थर. पोरं केककडे आणि मग बोदिलकडे बघू लागली. मग ट्यूराने पहिला तुकडा उचलला.

पॅलेने बोदिलला बाजूला घेतलं. “कंपनीची अब्रू ताटलीत वाढलीस की गं! पुढच्या वर्षी तुझे मंगळवार राहतील असं वाटतं तुला?”

“नाही वाटत. पण अहवालात खरं तेच लिहिलंय. खेप आजच परत मागव. इथे टेबलावर फुटलं म्हणून कळलं. भर समुद्रातल्या चक्कीत फुटलं असतं, तर काय होडी वल्हवत गेला असतास?”

खिशातून फोन काढून पॅले बाहेर गेला, आणि “ती खेप थांबवा” एवढं तिला ऐकू आलं.

ट्यूराने दुसऱ्या खेपेचं मॉड्यूल बसवलं. “बोदिल, सुरू तू कर ना!”

“तुझं यंत्र आहे. तूच कर.”

बोदिलने सिंकमध्ये ताटल्या धुतल्या. मग फडताळातून मंगळवारचा आपला कप काढला, नीट पुसला आणि पिशवीत ठेवला. काचेपलीकडे यंत्र एका सुरात गुणगुणत होतं.