सेंटर लिहिलेली चिठ्ठी

बुया, म्हणजे आमच्याकडचा घट्ट रस्सा, ढवळताना आमच्या घरात एकच नियम. वल्हं ज्याच्या हातात, तो बोलणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हंडा एवढा मोठा की त्यात माझी तान्ही विनी सहज मावेल. कोंबड्या, बैलाची शेपटी, कोबी, बटाटे, गाजरं असं सगळं सकाळपासून त्यात रटरटत असतं, आणि तळाला लागू नये म्हणून होडीच्या वल्ह्याएवढं लाकूड सतत फिरवावं लागतं. हात दुखले की वल्हं पुढच्याला द्यायचं. ढवळायचं थांबलं की बोलणंही संपलं.

हा नियम माझ्या सासूबाईंनी, ल्युसीलनी घातला. ड्राफ्टच्या दिवशी डिकायझर कुटुंबातले सगळे एकाच वेळी ओरडतात म्हणून. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातले नवे खेळाडू नंबरवार निवडतात ते तीन दिवस; जो जास्त हरला, त्याचा नंबर आधी.

ल्युसील जाऊन तीन वर्षं झाली. स्टेडियममधली त्यांची जागा, माझ्या सासऱ्यांच्या, नॉर्बच्या उजव्या हाताची, तेव्हापासून दर वर्षी ड्राफ्टवर ठरते. इथे मोसमाची तिकिटं मृत्युपत्रात लिहून ठेवतात आणि जन्मलेल्या बाळाचं नाव नंतर चर्चमध्ये, आधी प्रतीक्षायादीत घालतात. त्यामुळे अशी जागा रिकामी असणं म्हणजे घरात केवढी गोष्ट. पाच वाजायच्या आत प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची: आपला संघ पहिला खेळाडू कुठल्या जागेसाठी घेणार. चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. जो बरोबर, तो वर्षभर घरच्या सामन्यांना नॉर्बशेजारी बसणार. पहिल्या खेळाडूला कोणीच बरोबर नसेल, तर दुसरा. तोही नाही, तर तिसरा. चिठ्ठी बदलायची नाही.

गेली दोन वर्षं माझा नवरा जोएल जिंकला. त्याच्या आधी त्याची बहीण बर्नी.

या वर्षी मला ती जागा हवी होती. विनी ऑक्टोबरात झाली, ऐन मोसमात. तेव्हापासून मी डॉक्टर आणि किराणा सोडून कुठे गेले नव्हते. विनीपासून लांब जायचं होतं असं नाही. तिच्या मानेचा वास आला की मला अजूनही काम सुचत नाही. पण रविवारचे तीन तास, थंड बाकावर, दोन्ही हात रिकामे, आणि समोर जे चाललंय ते पुरतं बघायला मिळणं, हे मला इतकं हवं होतं की कोणाला सांगायचीही लाज वाटत होती.

"सांगा बरं, गेल्या वर्षी आपण का हरलो?" सिरिलकाका वल्हं मारत म्हणाले. हे नॉर्बचे धाकटे भाऊ. "क्वार्टरबॅक! चेंडू ज्याच्या हातात, खेळ त्याच्या हातात. आत्ताच्या पोरट्याला दोन वर्षं दिली. अकरावा नंबर आलाय आपला. इतकं हरून मिळवलेला नंबर आहे हा, तो काय कोबी घ्यायला वापरायचा? नवा क्वार्टरबॅक घ्या आणि मोकळे व्हा!"

"तू दर वर्षी क्वार्टरबॅक लिहितोस," नॉर्ब म्हणाले. ते घराच्या पायरीवर बसले होते. जागा त्यांची, म्हणून ते चिठ्ठी लिहीत नाहीत.

"वल्हं माझ्याकडे आहे, नॉर्ब."

"ते दिसतंय. फिरत मात्र नाहीये."

खरंच काका बोलण्याच्या भरात दोन्ही हात हवेत नाचवत होते आणि वल्हं हंड्यात उभंच्या उभं होतं. करपल्याचा वास आला. बर्नीने धावत जाऊन ते हिसकावलं.

"झालं! लावला तळाला!" ती खरवडायला लागली. "आता माझं ऐका. सिरिलकाका, तुमचा क्वार्टरबॅक आला तरी त्याला चेंडू मिळायला आधी समोरच्यांना थांबवायला नको? गेल्या वर्षी समोरचा क्वार्टरबॅक आपल्याविरुद्ध आरामात उभा राहून जांभया देत होता. त्याच्या अंगावर धावून जाणारं एक रानडुक्कर पाहिजे आपल्याला. एक! बाकी सगळं आपोआप होतं." बर्नी इस्पितळात नर्स आहे, आणि तिला सगळे प्रश्न इंजेक्शनसारखे एकदाच टोचून सुटतात असं वाटतं.

"आणि गुण कोण मिळवणार, तुझं रानडुक्कर?" जोएल म्हणाला.

"तुझ्याकडे वल्हं नाही."

"मग दे."

जोएलने वल्हं घेतलं. त्याचं म्हणणं मला पाठ होतं, कारण घरी मार्चपासून तेच चाललं होतं. रिसीव्हर हवा. लांब पळणारा, उंच उडी मारून चेंडू पकडणारा. पोरट्या क्वार्टरबॅकला विश्वासाचा एक माणूस द्या, मग बघा.

मी तोंड उघडलं. "पण त्याला तेवढा वेळच कुठे—"

"डार्सी, वल्हं," बर्नी म्हणाली. दुष्टपणे नाही, नियम म्हणून.

विनी माझ्या कडेवर होती. उकळत्या हंड्याजवळ तिला घेऊन जाता येत नव्हतं, आणि खाली ठेवली की ती आकांत करते. गेल्या वर्षी पोटात होती तेव्हाही धुराने मला मळमळायचं, म्हणून लांबच उभी होते. म्हणजे दोन ड्राफ्ट मी एक शब्द बोलले नव्हते. मी पुन्हा तोंड मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"पोरी," पायरीवरून नॉर्ब म्हणाले, "तुझं हे तिसऱ्यांदा झालं. माशासारखं."

"काही नाही, नॉर्ब."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, आले, आणि त्यांनी विनीला काखेत धरून उचललं. "दे इकडे. तू वल्हं घे."

विनीने त्यांच्या मिशीकडे बघितलं. रडावं की नाही ते ठरवत राहिली, आणि शेवटी मिशी पकडली.

वल्हं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. पहिल्या फेरीलाच खांदे भरून आले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं मी काही बोलणारच नाही, नुसतं ढवळून परत देईन.

"सेंटर," मी म्हणाले.

सिरिलकाका इतके हसले की त्यांना बसावं लागलं. "सेंटर! अकराव्या नंबरला! पायांमधून चेंडू मागे देणारा लठ्ठ्या!"

"वल्हं माझ्याकडे आहे, काका."

"बोल, बोल. मी बुया खायला बसलोय, तू मला जेवणाआधीच तृप्त केलंस."

मी बोलले. माझे वडील शाळेच्या संघात क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड पोरांच्या भिंतीला शिकवायचे; सेंटर तिच्या मधोमध. त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, चेंडू बघू नकोस, चेंडू सगळेच बघतात. भिंत बघ. या हिवाळ्यात दुपारी विनीला पाजताना मी गेल्या मोसमाचे सतराच्या सतरा सामने पुन्हा बघितले, आवाज बंद करून. विनीच्या दुधाचा तक्ता माझ्याजवळच असतो. डावीकडून किती मिनिटं, उजवीकडून किती, तिसऱ्या रकान्यात लंगोट. चौथा रकाना मी स्वतः आखला.

"कशाचा?" बर्नीने विचारलं, नियम विसरून.

"खराब आलेल्या चेंडूंचा. सेंटरने दिलेला चेंडू क्वार्टरबॅकच्या घोट्याशी, डोक्यावरून, नाहीतर खांद्याच्या बाहेर. एकतीस वेळा. आपण वर्षात तीन सेंटर बदलले. पोरगा चेंडू पकडायला खाली वाकतो, वर बघतो, तोवर दोघं अंगावर. जोएल, तुझा रिसीव्हर कितीही लांब पळू दे, चेंडू जमिनीवरून उचलेपर्यंत हा आडवा झालेला असतो. काका, तुमचा नवा क्वार्टरबॅकही तसाच आडवा होईल. फक्त महाग."

कोणी हसलं नाही. बुया मात्र छान फिरत होता.

"पण अकराला सेंटर कोणी घेत नाही," जोएल म्हणाला.

"अकराला नाहीच घ्यायचा. नंबर दुसऱ्याला द्यायचा, मागचा नंबर घ्यायचा, वर आणखी एक मागून घ्यायचा. सेंटर पहिल्या दिवशी हवाच असं कुठे आहे? दुसऱ्या दिवशीही चांगला मिळतो."

"मग तू हरणार," बर्नी म्हणाली. "पहिल्या दिवशी त्यांनी दुसरं काही घेतलं आणि ते आमच्यापैकी कोणी लिहिलेलं असलं, तर संपलं तुझं."

ते मला कळत होतं. पाच वाजत आले तेव्हा जोएल माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मी रिसीव्हर लिहिलंय. तू कोपऱ्यावरचा बचाव वगैरे लिही ना, कोणी न लिहिलेलं. आपल्या घरात जागा यायची शक्यता दुप्पट."

"कोणाच्या घरात?"

"आपल्या."

"म्हणजे तुझ्या बुडाखाली."

तो लाजला. लाजला की तो थेट विनीसारखा दिसतो. मी सेंटर लिहिलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

सगळे वाट्या घेऊन टीव्हीसमोर बसले. दहा संघांनी दहा पोरं घेतली. बर्नीचं रानडुक्कर शिल्लक होतं, जोएलचा रिसीव्हरही. आमचा नंबर आला आणि पडद्यावर बातमी झळकली की आमच्या संघाने अकरावा नंबर दुसऱ्याला दिला, मागचा विसावा नंबर घेतला आणि दुसऱ्या फेरीतला एक जादा.

"दिला! नंबर दिला या गाढवांनी!" सिरिलकाकांनी चमचा आपटला.

जोएलने हळूच वळून माझ्याकडे बघितलं. मी विनीच्या टोपीची गाठ सोडवत होते. तिला गाठ नव्हतीच, पण मला कुठेतरी बघायला हवं होतं.

विसाव्याला त्यांनी समोरच्या रिसीव्हरवर कोपऱ्यात पहारा ठेवणारा एक सडपातळ पोरगा घेतला. कोणीच लिहिला नव्हता. जोएलने कपाळाला हात लावला. "सांगत होतो ना! कोपऱ्यावरचा बचाव!"

"मग तू का नाही लिहिलंस?" मी म्हणाले.

शुक्रवारी, ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, जोएलची कागद गिरणीत दुसरी पाळी होती, बर्नी इस्पितळात, आणि सिरिलकाका दर शुक्रवारसारखे तळलेला मासा खायला क्लबात. मी हंडा घासायला नॉर्बकडे गेले. हंडा त्यांनी आधीच घासून पालथा घातला होता. करपलेला डाग तेवढा राहिला होता.

"राहू दे तो," ते म्हणाले. "सिरिलला पुढच्या वर्षी दाखवायला."

आम्ही उरलेला बुया गरम केला. दुसऱ्या दिवशी तो घट्ट होतो, आणि माझ्या मते खरा बुया तोच. बाहेर अजून उजेड होता. विनी नॉर्बच्या छातीवर पालथी झोपली होती, त्यांच्या खिशातल्या चष्म्यावर गाल ठेवून. फोन थरथरला. बर्नीचा संदेश: माझं रानडुक्कर अजून शिल्लक आहे. बारा मिनिटांची सुट्टी आहे. लवकर घ्या म्हणावं.

आमचा नंबर आला. मंचावर कोणीतरी म्हातारा माजी खेळाडू नाव वाचायला आला, आणि त्याला चष्माच सापडेना.

"घे, बाबा, माझा घे," नॉर्ब पुटपुटले.

मग त्याने वाचलं. जेमतेम नाव ऐकलेल्या कॉलेजचा, भल्यामोठ्या गळ्याचा एक पोरगा. सेंटर.

मी खुर्चीतून उठले. दोन्ही हात वर गेले, तोंड उघडलं, आणि नॉर्बने ओठांवर बोट ठेवलं. विनीने एक उसासा टाकला. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. नॉर्बची छाती हसण्याने गदगदत होती आणि तिच्यावर विनी वरखाली होत होती. आयुष्यात मी एवढी गप्प राहून जिंकले नव्हते.

जोएलचा फोन गिरणीतून आला. मागे यंत्रांचा गोंगाट. "सेंटर!" तो ओरडला. "डार्सी, सेंटर घेतला!"

"हळू," मी कुजबुजले.

"रविवारी मी सांभाळतो तिला. सगळे रविवार."

"ती बाटली तोंडात धरत नाही, जोएल."

त्या एका गोष्टीमुळे मी दोन महिने ही जागा हवी म्हणायला घाबरत होते, आणि ड्राफ्टच्या गडबडीत तीच विसरले होते.

फोन ठेवला तेव्हा विनी जागी झाली होती आणि नॉर्बच्या वाटीकडे डोळे लावून बसली होती. त्यांनी चमच्याच्या पाठीने गाजराचा एक तुकडा चेचला, रसात भिजवला, फुंकला, आणि माझ्याकडे बघितलं.

"सहा महिने झाले ना?"

"परवाच."

विनीने तोंडात घेतलं. चेहरा असा केला की जणू आम्ही तिचा विश्वासघात केला. अर्धं हनुवटीवर आलं. मग तिने पुन्हा तोंड उघडलं.

"बघ," नॉर्ब म्हणाले. "सप्टेंबरपर्यंत ही सॉसेज मागेल. तुझी आठवणसुद्धा यायची नाही हिला."

"असं म्हणू नका."

"बरं, येईल. थोडी."

विनीला माझ्याकडे देऊन ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात ल्युसीलची बाकावर बसायची गादी होती. हिरवी, कडेला उसवलेली आणि पिवळ्या दोऱ्याने शिवलेली. जोएलला त्यांनी ती दोन वर्षांत दिली नव्हती. जोएलनेही मागितली नव्हती. त्यांनी ती दाराबाहेर नेऊन दोनदा पायरीवर आपटली. धूळ उडाली, आणि शिवणीतून हात शेकायची एक जुनी पुडी खाली पडली. ती त्यांनी उचलली, जरा वेळ मुठीत धरली आणि खिशात टाकली.

गादी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवून ते म्हणाले, "बस. मऊ आहे की नाही बघ. नसेल तर आत्ताच सांग, थंडीत तक्रार चालणार नाही."

मी विनीला मांडीवर घेऊन बसले. खुर्ची दोन बोटं उंच झाली. टेबल जरा खाली गेल्यासारखं वाटलं, आणि खिडकीतून शेजाऱ्यांचं अंगण दिसायला लागलं.

"ठीक आहे?"

"ठीक आहे."

त्यांनी आपली खुर्ची उचलली, माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवली, आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. दुसऱ्या फेरीतला आमचा जादा नंबर अजून यायचा होता.

"आता सांग," ते म्हणाले. "यापुढे काय घ्यायचं?"