तवनाप्पांची दोन सिलं

मी मिरजेच्या शेडमधली मोटार-ट्रॉली बोलतेय. आगगाडी नव्हे हं! चार चाकं, एक बाक आणि पुढं छोटं इंजिन, एवढाच माझा संसार. रूळ तपासणाऱ्या साहेबांना घेऊन मी रुळांवरून धावायची. मागून खरी गाडी यायची असली, की चार ट्रॉलीमन मला उचलून बाजूला ठेवायचे. थाट नवरीचा, पण मला मनातून लाजच वाटायची.

माझा जन्म साहेबाच्या देशातला. बोटीनं आले, ते साल आता आठवत नाही. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा ऐन म्हातारपणी मला रुंद करण्यात आलं. साहेब बदलत गेले. कुणी बाकावर डुलक्या काढायचा, कुणी तासगावची द्राक्षं खाऊन बिया माझ्याच अंगावर थुंकायचा. वाहनाची कीव कुणाला येते? एक ज्ञानू सोडला तर कुणालाच नाही.

ज्ञानू माझा ट्रॉलीमन, ताकारीकडचा. घरचा ऊस, कृष्णेवर पाण्याचा पंप. रोज सकाळी मला पुसताना तो विचारायचा, "काय म्हातारे, बरी हाईस न्हवं?" तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

पंचाहत्तर साली माझ्या इंजिनातली तेलाची दोन सिलं पार झिजली. ही रबरी कडी असतात. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथं ती तेल अडवून धरतात. माझं तेल चाकं फिरवणाऱ्या पट्ट्यावर उडायला लागलं, पट्टा घसरायला लागला आणि चढावर मला धाप लागू लागली. वरून हुकूम आला, की दुरुस्त करा, मोठे साहेब शुक्रवारी चढावर चालवून बघतील. चालली तर ठीक, नाहीतर भंगारात.

काम आलं तवनाप्पांकडे. हे शेडचे जुने फिटर, मिरजेजवळच्या जैन शेतकरी घरातले. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते, म्हणजे मी त्यांच्या हातचं शेवटचं मोठं काम. गुरुवारी सकाळी त्यांनी दांडा बारीक पॉलिश पेपरनं घासला, सिलांना तेल लावलं आणि लाकडी ठोकळा धरून हलक्या हातानं ती बसवली. सिलांवरच्या झाकणाचे सहा बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले. मग तासभर इंजिन चालवलं. खाली पसरलेला कागद कोरडा! तवनाप्पांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी तवनाप्पा जेवायला गेले आणि ज्ञानू मला पुसायला आला. त्यानं खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्याचं काय आहे, पाण्याच्या पंपाला दांड्याभोवती दोरी भरतात आणि ती मुद्दाम जराशी सैल ठेवतात. थेंब थेंब पाणी गळलं तरच दांडा थंड राहतो. नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. माझ्या इंजिनाचं तसं नाही, हे ज्ञानूला कोण सांगणार?

"लय आवळलंय तुला," तो पुटपुटला. "गळलं न्हाई तर दांडा जळंल की! उद्या चढावर जीव जाईल तुजा."

त्यानं पाना घेतला.

नको रे बाबा, नको! मी जीव तोडून ओरडत होते. पण माझा आवाज म्हणजे इंजिनाचा, आणि इंजिन तर बंद. बैलाचं दावं सैल करावं तितक्या मायेनं त्यानं सहाही बोल्ट अर्धा अर्धा फेरा ढिले केले. हँडल मारून पाहिलं. तेलाचा एक थेंब खाली पडला तेव्हा तो हसला.

"आता बरं वाटतंय न्हवं?"

शुक्रवारी मोठे साहेब, तवनाप्पा आणि ज्ञानू यांना घेऊन मी निघाले, आणि ताकारीच्या पुढच्या चढावर तेलाची धार लागली. पट्टा घसरला आणि मी जागच्या जागी थांबले. तवनाप्पा घाईनं खाली उतरून वाकले, त्यांनी बोल्टला पाना लावला. पाना सहज फिरला. त्यांनी मान वर केली. समोर ज्ञानू माझ्या बाकावर हात ठेवून रडवेला उभा होता, आणि त्यांना सगळं उमगलं. फिटरनं पास केलेल्या इंजिनाला हात लावणाऱ्याची नोकरी जाते, हेही त्यांना माहीत होतं.

"सील नीट बसलं नाही का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. माजीच चूक हाय."

साहेबांनी माझ्यावर खडूनं फुली मारली. आठ दिवसांनी तवनाप्पांनी निरोपाचा हार खाली मान घालून घेतला. त्या दिवशी त्यांच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

याला आता तीन वर्षं झाली. मी शेडमागं बाभळीखाली गंजत उभी आहे. ज्ञानूला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये टाकलं, तरी तो सवड काढून येतो, माझ्यावरचा पाला झाडतो आणि सोबत्यांना सांगतो, "लय ग्वाड गाडी व्हती. तवनाप्पानं वाटुळं केलं बगा तिचं." त्याचा हात मला हवा असतो, पण ते शब्द ऐकवत नाहीत. काय करू? ऐकते.

वाचकहो, तुम्हाला तोंड आहे. तवनाप्पांनी बसवलेली सिलं चोख होती, एवढं मिरजेत कुणाला तरी सांगा. फक्त सांगताना ज्ञानू जवळपास नाही ना, तेवढं बघा.