वीस म्हणजे वीसच थेंब

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉपर आहे. डोक्यावरचा रबरी फुगा चारदा बदललाय, पण काच मूळचीच. आमच्यातले काही भसाभसा गळतात, काही कंजूष असतात. गाव जिला मावशी म्हणतं, त्या माझ्या मालकिणीने पाणी मोजून मोजून मला निवडलं, कारण माझे वीस थेंब पडले की छोटं माप बरोबर रेघेपर्यंत भरायचं.

मावशी मुळांचे अर्क काढायची. त्यातलं एक जांभळ्या फुलांचं एकिनेशिया. लोक सर्दीच्या दिवसांत प्रतिकारशक्तीसाठी न्यायचे. मावशी प्रत्येकाला बजावायची, की हा नुसता आधार आहे, अमृत नाही.

पण मूळ अस्सल आहे की नुसता भुसा, हे कळायचं कसं? ती माझ्यातून एक थेंब जिभेवर सोडायची आणि डोळे मिटायची. जीभ झिणझिणली की अर्क पास. मातीत गाडलेलं मुकं मूळ, आणि माणसाच्या जिभेला नाचवतं! मला दर वेळी नवल वाटायचं.

एकदा मावशी तापाने पडली. उठून आठवडा झाल्यावर नवा अर्क चाखला. डोळे मिटले, पण जीभ झिणझिणेना. दुसरा थेंब, तिसरा थेंब. मग लेकीला म्हणाली, "या खेपेची मुळं कमजोर आहेत. लेबलावर वीसच्या जागी चाळीस लिही."

मी हादरलो. थेंब माझ्यातूनच गेलेला, नेहमीसारखाच दाट, तपकिरी. पण मला तोंड दिलंय ते गळायला, बोलायला नाही. आणि पहिली बाटली जाणार होती शिंप्याच्या म्हाताऱ्या आईला. तिचं दुखणं नाजूक, डॉक्टरने वीसलाच कसंबसं हो म्हटलेलं.

लेकीने लेबलं लिहिली. चिकटवताना बोट ओलं करायला जिभेला लावलं. बोटावर अर्क सांडलेला.

"आई, माझी जीभ झिणझिणून बधिर झाली."

मावशीने नाटकं करू नकोस म्हणून दटावलं. लेक उठली, डोळे मीट म्हणाली आणि तिच्या जिभेवर चिमूटभर काहीतरी ठेवलं.

"काय आहे सांग."

"पिठीसाखर," मावशी म्हणाली.

"मीठ आहे, आई. तरीच भाजी आठवडाभर खारट. मला वाटलं, माझ्यावर राग आहे तुझा."

मावशी हसली नाही. तीस वर्षं गावाने त्या जिभेवर भरवसा टाकलेला. तिने एकेक लेबल स्वतः फाडलं. तेवढ्यात शिंपी आला. मला वाटलं, मावशी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तर ती सरळ म्हणाली, "माझी चव गेलीय. आजपासून लेक चाखेल आणि प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासायलाही जाईल. तुझ्या आईला वीसच थेंब."

मित्रांनो, मी हजारो थेंब सोडलेत, पण त्या तीन वाक्यांएवढं जड काही पडताना पाहिलं नाही.

तेव्हा मला एका बाटलीतून दुसरीत खुपसू नका, धुऊन ठेवा आणि मोजताना गप्पा मारू नका. मावशीसुद्धा मारत नाही. रोज सकाळी ती अजून एक थेंब जिभेवर घेते, डोळे मिटते आणि लेकीकडे बघून मान हलवते, नाही म्हणून. काल मात्र तिने डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले ठेवले, आणि मान हलवायची राहूनच गेली.