असू दे हं

"बोलणारी बायको मिळालीय, नशीब काढलंस. ज्या दिवशी ती गोड बोलेल ना बाळा, त्या दिवशी घाबर."

लग्नाच्या गडबडीत आईनं कानात सांगितलेलं हे बोलणं शिंप्याला आता पलंगावर पडल्या पडल्या जसंच्या तसं ऐकू येत होतं. आई जाऊन वर्षं लोटली. आवाज मात्र कालचाच.

कारण बायको गोड बोलत होती.

एरवी तिची जीभ म्हणजे दुकानातली मोठी कात्री, उभं-आडवं काहीही कापायची. पण मेव्हण्याची किडनी बसवून शिंपी घरी आला आणि कात्री म्यानात गेली. गोळ्या वेळेवर, पाणी मापून, वर "बरं वाटतंय ना हो?" सकाळी ती खिडकीपाशी डोळे मिटून, हात जोडून उभी राही, ओठ हलत. शिंप्याची खात्रीच पटली. डॉक्टरांनी हिला गुपचूप सांगितलंय, आपलं कापड संपत आलंय.

खरं-खोटं करायला त्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला.

"असू दे हं," म्हणत तिनं तो वाळत घातला.

न्हाणीघरातला दिवा जळत ठेवला. "असू दे हं."

शेवटी मन घट्ट करून तो म्हणाला, "शेजारच्या वहिनींच्या हाताला काय चव आहे!"

तिच्या मानेची शीर टरारली. पातेलं ओट्यावर जरा जोरात टेकलं. "असू... दे हं."

शिंप्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं.

संध्याकाळी मेव्हणा आला. स्वतःच्या कुशीवर हात ठेवून, लेक दिलेल्या बापाच्या काळजीनं विचारू लागला, "काय दाजी, आमची किडनी नांदतेय ना नीट?"

"ती सुखात आहे हो. माझंच काही खरं नाही. मी गेलो तर तिला माहेरी घेऊन जा."

"दिल्या घरी राहू दे," मेव्हणा म्हणाला, आणि दाजींसाठी आणलेलं सफरचंद त्यानं स्वतःच खाल्लं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट चाळले. "उत्तम! सोमवारपासून दुकान उघडा."

"म्हणजे बरे झाले?" बायकोनं विचारलं. "नीट सांगा हो."

"बरे झाले. गोळ्या मात्र जन्मभर."

बाहेर येताच बायकोनं डोळे मिटून हात जोडले. "देवा, तू तुझा शब्द पाळलास, मी माझा." मग बाह्या सरसावल्या.

"ओला टॉवेल गादीवर टाकतात? दिवा जाळता, वर माझा जीव जाळता! आणि वहिनींच्या हाताला चव? त्यांच्या आमटीत मीठ नसतं, तुमच्या डोक्यात अक्कल नसते, छान जमलं! हे बरे होईपर्यंत वाकडा शब्द काढणार नाही, असं देवाला बोलून बसले होते मी. जीभ चावून चावून अर्धी झाली माझी!"

बाकावरचे पेशंट सरसावून बसले. शिंप्याचा चेहरा उजळत गेला.

"अजून बोल," तो म्हणाला.

"अजून काय?" तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही ऑपरेशनला आत होता ना, तेव्हा घरी जाऊन तुमच्या रिकाम्या पलंगावर ओरडून बघितलं होतं मी. मजाच नाही आली हो."