हास्यास्पद कार्यक्रम

१९६७ सालच्या मार्च महिन्यात, एका शनिवारी सकाळी कामाला जाताना मी चौकातल्या भिंतीपाशी थबकले. भिंतीवर माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्या एकट्याच्या प्रयोगाची जाहिरात होती. वर त्याचं नाव ठसठशीत, आणि खाली : ‘दोन तासांचा हास्यास्पद कार्यक्रम’.

नाट्यगृहाच्या मॅनेजरांनी लिहून दिलं होतं ‘हास्यप्रद’. जाहिरात जुळवली होती मी.

मी छापखान्यात खिळे जुळवत असे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत लावायचं, तेही उलटं. त्या गुरुवारी सकाळभर मी एका साप्ताहिकाचा अग्रलेख जुळवला होता. संपादक कशावर चिडले होते देव जाणे, पण दर परिच्छेदात कुणाचं ना कुणाचं धोरण ‘हास्यास्पद’ होतं. हाताला तेच वळण पडलं. त्यात प्रुफं तपासणारे काका दाढदुखीने घरी, म्हणून प्रूफही मीच वाचलं. ज्याने जुळवलं त्याने तपासू नये, हा छापखान्याचा पहिला नियम. डोळे कागदावरचं वाचत नाहीत, मनातलं वाचतात.

ती जाहिरात भिंतीवरून सोलून मी तशीच घरी पळत आले. भाऊ आरशासमोर दाढी करत होता. लहानपणी फार रडायचा म्हणून घरात त्याला भोंगा म्हणत. पलीकडे टेबलाशी अण्णा, आमचे वडील, डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करत होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीखाली कर कचेरीचं, भोंग्याच्या नावचं नेमणुकीचं पत्र होतं. अण्णांनी बजावून ठेवलं होतं, “संध्याकाळी लोक हसले तर ठीक. नाहीतर सोमवारी दहाला कचेरी. पुन्हा स्टेजचं नाव काढायचं नाही.”

“भोंग्या, घात झाला रे,” मी म्हटलं आणि जाहिरात त्याच्या हातात दिली.

अर्ध्या गालावर साबण, तसाच तो वाचत राहिला.

“ताई, मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?”

“मी आत्ता जाते. जमतील तेवढ्या जाहिरातींत त्या शब्दावर कागद चिकटवते.”

“असू दे,” अण्णा भिंग न काढता म्हणाले. “निदान जाहिरात तरी खरी छापली.”

भोंगा वस्तरा खाली ठेवून अण्णांकडे बघत राहिला. अण्णा कधी विनोद करत नसत. तेव्हाही केला नव्हता, मनापासूनच म्हणाले होते.

“अण्णा, पुन्हा म्हणा ना.”

“एकदा सांगितलेलं कळत नाही का?”

भोंगा माझ्याकडे वळला. “ताई, काही चिकटवायचं नाही. महिनाभर डोकं खाजवून मी जे लिहिलंय ना, त्यात यासारखं एक वाक्य नाही. अगं, सुचणं म्हणजे तरी काय? चूक झाली की ती पुसायला आपला हात शिवशिवतो. तो जरा वेळ आवरून धरायचा.”

“आणि नाही हसले तर?”

“तर जाहिरात खरी ठरेल!”

संध्याकाळी सहाला नाट्यगृह गच्च भरलं. निम्मे लोक त्या शब्दापायीच आले होते. एक मास्तर तर लाल पेन्सिलीने शब्द दुरुस्त केलेली जाहिरात घेऊन पहिल्याच रांगेत बसले होते. विंगेत मॅनेजर मला म्हणाले, “बाई, आज अंडी पडली तर तुम्ही झेला.”

पडदा वर गेला. भोंगा हातात जाहिरात घेऊन पुढे आला. नमस्कार केला. थांबला. इतका थांबला की मॅनेजरांनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

“मंडळी, कलावंताचं परीक्षण प्रयोगाच्या आधीच छापून येण्याची ही पहिलीच वेळ.”

मागच्या रांगांत खसखस पिकली.

“आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीने छापलंय. शत्रू शोधायला मला कधी घराबाहेर पडावं लागलं नाही.”

आता पुढचेही हसले. मास्तरांनी पेन्सिल खिशात घातली.

“हे वाचून माझे वडील म्हणाले, ‘असू दे, निदान जाहिरात तरी खरी छापली!’”

अण्णांचा आवाज, मान, न काढलेलं भिंगसुद्धा, हुबेहूब. नाट्यगृह अक्षरशः कोसळलं. लोक पुढच्या खुर्च्यांच्या पाठी बडवत होते. तिसऱ्या रांगेत अण्णा ताठ बसले होते. शेजारचा अनोळखी माणूस डोळे पुसत त्यांना म्हणाला, “बाप भारी आहे हो ह्याचा!”

“मीच तो,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली.

सोमवारी त्यांनी स्वतः कचेरीला पत्र लिहिलं : ‘चिरंजीव अन्यत्र गुंतले असल्याने रुजू होऊ शकत नाहीत.’ टपालात टाकायला गेलेही स्वतःच.

अण्णा पुढे नऊ वर्षांनी गेले. मॅनेजरांनी मुलीच्या गावी जाऊन शेळ्या पाळल्या. छापखान्यात नवी यंत्रं आली, शिसं वितळवून विकलं गेलं, आणि मी निवृत्त झाले. भोंग्याने बेचाळीस वर्षं लोकांना हसवलं. शेवटच्या आजारात, मोठ्याने बोलायची ताकद उरली नव्हती तेव्हा, तो नर्सच्या कानात काहीतरी पुटपुटला. ती तोंडावर हात धरून बाहेर पळाली. तिचं हसू लांब व्हरांड्यातून पायऱ्यांपर्यंत ऐकू येत गेलं. ते पूर्ण विरेपर्यंत बोट वर धरून त्याने मला बोलू दिलं नाही.